खलप ‘नावापुरते’ कायदामंत्री होते म्हणे!

उत्तर गोव्यातल्या पेडण्याकडच्या आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप गटात परवा तो मजकूर पुन्हा आला. आधी भाचीकडून, मग तासाभराने तिच्याच सासऱ्यांकडून. मजकूर असा: ‘पर्रीकर जाईपर्यंत दिल्लीत गोव्याला कुणी हिंग लावून विचारत नव्हतं. अॅडव्होकेट रमाकांत खलप मंत्री होते, पण नुसते राज्यमंत्री, नावापुरते. महिला आरक्षण 2023 चं, त्यात गोव्याचा काय संबंध? आणि खलप म्हणजे दलबदलू.’

पहिलं वाक्य फार वेळ घेण्यासारखं नाही. एदुआर्द फालेरो राजीव गांधी आणि नरसिंह राव, दोघांच्याही सरकारात परराष्ट्र खात्याचे राज्यमंत्री होते. श्रीपाद नाईक वाजपेयींच्या काळातच मंत्री झाले होते. पर्रीकर नोव्हेंबर 2014 मध्ये संरक्षणमंत्री झाले तेव्हा त्यांच्याकडे कॅबिनेट दर्जा होता, तो फालेरो, नाईक आणि खलप या तिघांपैकी कुणाकडे नव्हता. हा फरक खरा. पण ‘कुणी विचारत नव्हतं’ ही गोष्ट वेगळी, आणि ती खोटी.

दलबदलू. इथे मला थोडं जपून बोलायला हवं, कारण मांद्र्याचा हा वकील पुढे मगो, म्हणजे महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष, सोडून काँग्रेसमध्ये गेला हे कुणी नाकारत नाही. 2024 ला उत्तर गोव्यातून काँग्रेसच्याच तिकिटावर ते उभे होते आणि श्रीपादभाऊंकडून लाखाहून जास्त मतांनी पडले. पण त्याआधीचं प्रकरणही बघा. 1980 च्या निवडणुकीत मगोचे सात आमदार आले आणि बघता बघता बहुतेक सगळे काँग्रेसच्या दारात गेले, खुद्द माजी मुख्यमंत्री शशिकलाताई काकोडकरही. मागे उरले दोघे, बाबुसो गावकर आणि खलप. तो पक्ष तेव्हा संपला नाही तो या दोघांमुळे.

मग 1990. काँग्रेसचे आमदार फुटले, मगोने त्यांच्याशी संसार मांडला आणि लुईस प्रोतो बार्बोझांच्या सरकारात खलप उपमुख्यमंत्री झाले. म्हणजे दुसऱ्याच्या घरातली फूट यांनाही गोड लागलीच होती. वर्ष सरायच्या आत मगो स्वतः फुटला आणि जानेवारी 1991 मध्ये रवी नाईक काँग्रेसच्या मदतीने मुख्यमंत्री झाले. फुटलेले आमदार अपात्र ठरतात का, हे भांडण सभापतींकडून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. 1994 च्या त्या निकालाने सांगितलं की पक्षाचं सदस्यत्व ‘स्वेच्छेने सोडणं’ म्हणजे फक्त राजीनामा देणं नव्हे, आमदाराच्या वागण्यावरूनही ते ठरवता येतं. पक्षांतराच्या खटल्यांत वकील आजही हा निकाल काढतात. या सगळ्या इतिहासातून एकट्या खलपांना उचलून शिक्का मारायचा असेल तर मग शाई बरीच लागेल. त्यांच्यावर टीका करायला जागा नाही असं नाही. ते ज्या बँकेचे अध्यक्ष होते त्या म्हापसा अर्बनचा परवाना रिझर्व्ह बँकेने एप्रिल 2020 मध्ये रद्द केला. त्यावर मजकुरात चकार शब्द नाही, गंमतच.

आता ‘नावापुरते’. 1996 ला लोकसभेत मगोचा खासदार एकच, तो म्हणजे खलप. देवेगौडांच्या संयुक्त आघाडीला एकेका खासदाराची गरज होती, म्हणून पद मिळालं, हे मान्य. पण मिळालं ते विधी आणि न्याय खातं, स्वतंत्र कार्यभारासह, आणि गुजराल आल्यावरही ते त्यांच्याकडे राहिलं. स्वतंत्र कार्यभार म्हणजे डोक्यावर त्या खात्याचा कॅबिनेट मंत्री नसतो. फाईल मंत्र्याकडून थेट पंतप्रधानांकडे जाते.

त्याच वर्षी लोकप्रतिनिधित्व कायदा बदलला. का बदलला ते आपल्या शेजारच्या बेळगावात कुणालाही विचारा. 1996 च्या लोकसभेला तिथे 456 उमेदवार उभे होते, बहुतेक महाराष्ट्र एकीकरण समितीच्या निषेधाचे. मतपत्रिका नव्हे, पुस्तिकाच ती! नालगोंड्यात तर 480. अनामत होती अवघी 500 रुपये. 1 ऑगस्ट 1996 पासून ती 10,000 झाली, विधानसभेला 5,000, आणि एका माणसाला दोनपेक्षा जास्त मतदारसंघांत उभं राहायची बंदी आली. खलप तेव्हा खात्यात होते.

राहिलं महिला आरक्षण. 12 सप्टेंबर 1996 रोजी 81 वं घटनादुरुस्ती विधेयक लोकसभेत मांडलं ते खलपांनी. लोकसभा आणि विधानसभांत बायकांसाठी एक तृतीयांश जागा राखण्याचं हे पहिलं विधेयक. ते खासदार गीता मुखर्जींच्या संयुक्त संसदीय समितीकडे गेलं, डिसेंबरात समितीचा अहवालही आला, पण वर्षभराने लोकसभाच विसर्जित झाली आणि विधेयक तिच्याबरोबर गेलं. म्हणून उलट बाजूने ‘खलपांनी बायकांना आरक्षण दिलं’ असं कुणी लिहिलं तर तेही चूक. मांडणं आणि मंजूर होणं यांत 27 वर्षं गेली. सप्टेंबर 2023 मध्ये नवं विधेयक मांडलं अर्जुनराम मेघवाल यांनी. त्यांचं पद? विधी आणि न्याय खात्याचे राज्यमंत्री, स्वतंत्र कार्यभार. त्यांना नावापुरतं म्हटलेलं माझ्या तरी पाहण्यात नाही.

गोव्याचा संबंध विचारताय, तर समितीच्या शिफारशींत एक बारीक कलम होतं: ज्या राज्यात लोकसभेच्या तीनपेक्षा कमी जागा आहेत तिथेही आरक्षण लागू करा. आपल्याकडे दोनच, उत्तर आणि दक्षिण. या दोनांतून लोकसभेवर गेलेली बाई आजवर एकच, संयोगिता राणे, 1980 साली, त्याही मगोच्या.