आजोबांचं मलम कुणी बुडवलं नाही

व्हॉट्सॲपवर एक मजकूर फिरतोय. गिरणगावात पूर्वी घरोघरी पायांची शुद्ध वनौषधी मलमं बनायची, ती भोवरी मुळासकट काढायची आणि परदेशी कंपन्यांनी सरकारला हाताशी धरून हे मराठी धंदे बुडवले, असं त्यात म्हटलंय. शेवटी ‘तीच गुप्त कृती’ म्हणून चुना आणि पापडखाराचा लेप दिलाय. लालबागच्या आमच्या चाळीत असं मलम तीसेक वर्षं बनत होतं. लहानपणी मी स्वतः त्याच्या डब्या भरल्यात, त्यामुळे गप्प बसवत नाही.

आधी ‘शुद्ध वनौषधी’. आजोबा कंपाउंडर होते. बोटांच्या बेचक्यांत बुरशीने होणाऱ्या चिखल्यांच्या मलमात ते सहा टक्के बेन्झॉइक आणि तीन टक्के सॅलिसिलिक ॲसिड घालत, बाकी व्हॅसलीन आणि वासापुरता कापूर. आर्थर व्हिटफील्ड या इंग्रज त्वचारोगतज्ज्ञाच्या नावाने ओळखलं जाणारं हे मलम त्या काळच्या कंपाउंडरांना तोंडपाठ असे. ॲसिडं प्रिन्सेस स्ट्रीटच्या घाऊक बाजारातून यायची. आजोबांचं कसब होतं ते खलात. ॲसिडाचा खडा बोटाला लागेनासा होईपर्यंत ते घोटत राहायचे आणि आम्हालाही घाई करू द्यायचे नाहीत.

भोवरीला मूळ नसतंच. चप्पल किंवा बूट एकाच जागी घासून तिथली कातडी जाड होत जाते आणि तिचं टोक आत रुततं, ते लोकांना मुळासारखं वाटतं. सॅलिसिलिक ॲसिड ती कडक कातडी सैल करतं, एवढंच. घासणारं पायताण बदललं नाही तर भोवरी पुन्हा येते. आजोबा डबी देण्याआधी गिऱ्हाइकाची चप्पल उलटी करून तळ कुठे झिजलाय ते बघायचे.

सरकारचं म्हणाल तर विक्रीसाठी औषध बनवायला परवाना लागतो, हे १९४० च्या औषध कायद्यापासून आहे. आयुर्वेदिक औषधंही १९६४ च्या दुरुस्तीने त्यात आली. आमच्या गाळ्याला परवाना होता आणि तो कुणी काढून घेतला नाही. काकांनीच नूतनीकरण केलं नाही.

का केलं नाही, ते त्या मजकुरात कुठेच नाही. आमचं गिऱ्हाईक गिरणीकामगार होता. सूत तुटू नये म्हणून विणाईखात्यात हवा मुद्दाम दमट ठेवत, आणि माणसं तासन्‌तास उभी, बरीचशी अनवाणी. पावसाळ्यात घरी परततानाही गुडघाभर पाणी. बोटांच्या बेचक्या कुजायच्या. पगाराच्या दिवशी आमच्या दाराशी रांग लागे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि पगाराचा दिवसच संपला. आजोबा वर्षभर उधारीवर डब्या देत राहिले. वहीतली कितीतरी नावं पुढे गावी गेली, ती परत आली नाहीत. त्यातच बुरशीवर क्लोट्रिमॅझोलसारखी नवी मलमं आली होती. ती खरोखर चांगली होती, आणि हे आजोबांनीच आम्हाला सांगितलं. संपाचा घाव विसरून परदेशी कटाची गोष्ट सांगणं हा त्या कामगारांवर अन्याय आहे.

मोठ्या कंपन्या छोट्या विकत घेतात, हे खरंच आहे. भेगांवरचं ‘क्रॅक’ बनवणाऱ्या अहमदाबादच्या पारसमध्ये २००६ मध्ये ॲक्टिस या गुंतवणूक कंपनीने मोठा हिस्सा घेतला आणि २०१० मध्ये रेकिट बेंकिझर या ब्रिटिश कंपनीने ती कंपनी सुमारे ३,२६० कोटींना घेण्याचा करार केला. तो उघड सौदा होता. आणि सगळे मराठी धंदे बुडाले म्हणावं, तर परळला १९५२ मध्ये पेंढरकर कुटुंबाने सुरू केलेली विको अजून चालू आहे.

आता तो लेप. कृपा करून तो लावू नका. चुना आणि पापडखार एकत्र आले की भोवरीबरोबर भोवतालची चांगली कातडीही भाजते. मधुमेहात पायाची जाणीव कमी झालेली असू शकते, त्यामुळे भाजलेलं कळत नाही आणि जखम चिघळते. औषधाच्या दुकानातला कॉर्न कॅप, म्हणजे भोवरीवर चिकटवायची औषधी पट्टीसुद्धा अशा माणसाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये. साखरेचा आजार आहे असं कुणी म्हणालं की आजोबा डबी परत फळीवर ठेवायचे आणि त्याला केईएमचा रस्ता दाखवायचे.