आमच्या तलावावरचा लेख आमच्या गावात उघडत नव्हता

माझी पीएच.डी. मामा तलावांवर. मामा म्हणजे माजी मालगुजारी, पूर्वी गावचा सारा गोळा करणाऱ्या मालगुजारांच्या ताब्यातले. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या धानपट्ट्यात हे जुने तलाव आहेत, त्यातले कितीतरी कोहळी समाजाने बांधलेले. तीन वर्षं मासेमारी करणाऱ्या ढिवर बांधवांच्या डोंग्यात बसून मी पाणवनस्पती गोळा केल्या. कोणत्या गवतात कोणती मासोळी अंडी घालते, हे मला त्यांनीच दाखवलं.

लेख छापून आला तेव्हा एक काका म्हणाले, "बाई, का लिवलं तं आमाले बी दाखवजा." लिंक उघडली तर ती डॉलर मागत होती. माझ्याजवळ पीडीएफ होती, पण हक्क प्रकाशकाला लिहून दिलेले, त्यामुळे गावच्या ग्रुपवर टाकायची परवानगी नव्हती. मला फार लागलं ते.

त्याआधी एकदा फसलेही होते. तेव्हा प्रबंध सादर करण्याआधी शोधलेख छापून येणं सक्तीचं होतं (2022 च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या, नियमांत ती अट निघाली). "तीन दिवसांत प्रसिद्धी" असा मेल आला, मी साडेचार हजार भरले. वर्षभरात त्या जर्नलची वेबसाइटच गायब झाली. विचारायचं कोणाला? कॉलेजात ग्रंथपालाचं पद रिकामं होतं.

शेवटी एसटीने अडीच तास जाऊन विद्यापीठाच्या ग्रंथालयात पोचले. तिथल्या ताईंनी शेजारी खुर्ची ओढली आणि तासभर माझ्यासोबत बसल्या. डीओएजे या खुल्या जर्नलांच्या मोफत यादीत जर्नल कसं तपासायचं, ते दाखवलं. ओपन अ‍ॅक्सेस, म्हणजे कोणालाही मोफत वाचता येणारं जर्नल, म्हटलं की लेखकाने फी भरलीच पाहिजे असं नाही, कित्येक जर्नल लेखकाकडून एक रुपयाही घेत नाहीत, हे मला त्या दिवशी कळलं. मग त्यांनी माझा जुना करार ओळ न् ओळ वाचला आणि एका कलमावर बोट ठेवलं: छापील पानं नाही, पण स्वीकारलेला अंतिम मसुदा वर्षभरानंतर विद्यापीठाच्या संग्रहात खुला ठेवता येतो. सही करताना मी ते वाचलंच नव्हतं.

1 जानेवारी 2025 पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' सुरू झालं, म्हणजे सरकारी खर्चाने सरकारी उच्चशिक्षण आणि संशोधन संस्थांना जर्नल वाचायला देणारी केंद्राची योजना. 30 प्रकाशक, जवळपास 13,000 जर्नल, तीन वर्षांसाठी 6,000 कोटी, शिवाय लेखकांची फी भरायला वर्षाला 150 कोटी. चांगलंच आहे. पण त्याच वर्षी यूजीसीने मान्य जर्नलांची 'केअर' यादी बंद केली आणि कोणतं जर्नल खरं, कोणतं खोटं हे ठरवण्याचं काम संस्थांवर आलं. आमच्यासारख्या तालुक्याच्या कॉलेजात ते कोण ठरवणार? लॉगिन देऊन हे भागत नाही. त्या ताईंसारखं शेजारी बसणारं माणूस लागतं. विद्यापीठांनी महिन्यातून एक दिवस तरी ग्रंथालयाचं माणूस तालुक्याला पाठवावं आणि कॉलेजांतली ग्रंथपालांची पदं भरावीत, एवढं माझं आग्रहाचं मागणं आहे.

वर्ष झाल्यावर मसुदा संग्रहात गेला. मी प्रिंट काढली आणि तलावाच्या पाळीवर काकांना मराठीतून समजावून सांगितली. तिसऱ्या पानावर त्यांनी मला थांबवलं. एका गवताचं गावातलं नाव मी चुकीचं लिहिलं होतं.