सिगिरिया पाहाच, पण पिदुरंगला चढा

सोलापुरातून श्रीलंकेला धम्म सहल निघते तेव्हा अनुराधापूर, कँडीचा दंतधातू विहार आणि सिगिरिया ही नावं ठरलेली असतात. सिगिरियाच्या उत्तरेला, जवळच, पिदुरंगला नावाचा दुसरा खडक आहे. तो बहुतेक वेळा राहून जातो. माझं मत स्पष्ट आहे. एकच खडक चढण्याएवढा वेळ असेल, तर पिदुरंगला चढा.

सिगिरिया थोर आहे, त्यात वाद नाही. बाप धातुसेनाला मारून गादीवर बसलेल्या कश्यपानं पाचव्या शतकात तिथं राजवाडा बांधला. भित्तिचित्रं, पाण्याच्या बागा, सिंहाचे प्रचंड पंजे... पण राजा यायच्या कितीतरी शतकं आधी त्या खडकाच्या गुहांत भिक्खू राहत होते. पावसाचं पाणी आत ओघळू नये म्हणून गुहेच्या कपाळावर कोरलेली खाच आणि ब्राह्मीतले दानलेख आजही दिसतात. कार्ले, जुन्नरची लेणी पाहिलेल्या माणसाला तिथं परकं वाटतच नाही. राजाला तो खडक हवा होता, म्हणून भिक्खूंना पिदुरंगलाला विहार दिला, अशी परंपरा आहे. ४९५ मध्ये भावाशी झालेल्या लढाईत कश्यप संपला, राजधानी पुन्हा अनुराधापूरला गेली. राजवाड्याचे आता चौथरे उरलेत. पिदुरंगलाच्या पायथ्याचा विहार मात्र अजून नांदता आहे, तिथं आजही वंदना होते.

माथ्याच्या थोडं खाली, कातळाच्या आडोशाला विटांची भव्य पहुडलेली बुद्धमूर्ती आहे. १९६० च्या दशकात गुप्तधनाच्या हावेनं ती फोडली गेली, वरचा भाग नंतर पुन्हा बांधला. जुनं काम आणि नवं काम वेगवेगळं ओळखू येतं. पहाटे सूर्योदय गाठायला निघालेले लोक हातात बॅटरी घेऊन तिच्यासमोरून तसेच पुढे पळतात. मला याचा खरोखर त्रास होतो. उतरताना तरी दहा मिनिटं तिथं बसा.

शेवटी मोठाले धोंडे आहेत, एकमेकांना हात देतच वर जावं लागतं. माथ्यावरून समोर अख्खा सिगिरिया आणि चहूकडे रान! आपल्या माळरानाची सवय असलेल्या डोळ्यांना एवढं हिरवं झेपत नाही. सिगिरियावर उभं राहून सिगिरिया दिसत नाही, तो इथूनच दिसतो.

सहल काढणाऱ्यांना कळकळीची विनंती, खरेदीची एक दुपार कमी करा आणि हे ठिकाण घ्या. विहार आहे, तेव्हा खांदे-गुडघे झाकणारे कपडे हवेत. पाणी जवळ ठेवा. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी मूर्तीपर्यंतच यावं, आणि पाऊस झाला असेल तर धोंड्यांचा टप्पा कुणीच चढू नये.