आधी कागद, मग जहाज

महाराष्ट्रात जुन्या जहाजांचा विषय निघाला की गाडी विक्रांतवर येऊन थांबते. १९९७ मध्ये निवृत्त झालेली ही विमानवाहू नौका काही वर्षं मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती. २०१२ मध्ये ते बंद झालं आणि २०१४ मध्ये सुमारे ६० कोटींना विकलं गेलेलं जहाज मुंबईतल्याच दारूखाना या जहाजं तोडण्याच्या भागात तोडलं गेलं. पुढे २०२० मध्ये विराट ही दुसरी विमानवाहू नौका तोडण्यासाठी गुजरातमधल्या अलंगच्या किनाऱ्यावर चढवली, तेव्हा ‘वाचवायला हवी होती’ हाच वाद पुन्हा झाला. दोन्ही वेळा एक वाक्य हमखास ऐकू आलं: इंग्रजांनी आपली जहाजं कशी जपली बघा, आणि आपण?

ब्रिटनमध्ये राहून सांगतो, हे वाक्य खरं नाही. विसाव्या शतकातलं एकही मोठं लायनर, म्हणजे ठरलेल्या मार्गावर समुद्रापार प्रवासी नेणारं जहाज, आज ब्रिटनकडे नाही. स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकला बांधलेली क्वीन मेरी १९६७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लाँग बीच शहराला ३४.५ लाख डॉलरला विकली. ‘क्वीन एलिझाबेथ २’ ही बोट नोव्हेंबर २००८ मध्ये दुबईला गेली आणि तिथे हॉटेल झाली. ब्रिटनमध्ये उरली आहेत ती ब्रिस्टलची १८४३ सालची ‘ग्रेट ब्रिटन’ नावाची बोट आणि बेलफास्टची छोटी नोमॅडिक. नोमॅडिक तर लायनरही नव्हे. शेर्बूरच्या बंदरात प्रवाशांना टायटॅनिकपर्यंत नेऊन सोडणारी ती बोट होती. अमेरिकेचीही तीच गत. १९५२ मध्ये पहिल्याच फेरीत ३ दिवस १० तास ४० मिनिटांत अटलांटिक ओलांडणारी ‘युनायटेड स्टेट्स’ नावाची बोट १९६९ पासून धक्क्याला पडून होती. २०२४ मध्ये फ्लोरिडातल्या एका काउंटीने ती १० लाख डॉलरला घेतली, ती समुद्रात बुडवून कृत्रिम प्रवाळभित्ती करण्यासाठी.

हे इच्छाशक्तीच्या अभावाने घडलं असं मला वाटत नाही. पोलादी जहाज पाण्यात नुसतं उभं ठेवणं हा न संपणारा खर्च आहे. चालू जहाज ठरावीक काळाने सुक्या गोदीत जातं. तिथे तळ खरवडतात, पत्र्यांची जाडी मोजतात, गंज रोखणारे जस्ताचे ठोकळे बदलतात. संग्रहालय झालेलं जहाज गोदीपर्यंत क्वचितच पोचतं, कारण ते ओढून न्यायला विमा मिळणं अवघड असतं आणि गोदीचं भाडं परवडत नाही. जलरेषेजवळ हवा, मीठ आणि पाणी एकत्र येतात, तिथे गंज सर्वांत जोरात चालतो. वरून पावसाचं पाणी सागवानी डेकच्या सांध्यांतून खाली उतरतं आणि फळ्यांखालचं पोलाद वर्षानुवर्षं कोणाला न दिसता कुजत राहतं. २०१७ मध्ये उघड झालेल्या पाहणीत क्वीन मेरीच्या दुरुस्तीचा अंदाज २३.५ ते २८.९ कोटी डॉलर होता. अमेरिकेतल्या शहराला जड जाणारा हा आकडा आहे.

ग्रेट ब्रिटन का टिकली, तेही बघण्यासारखं आहे. १९७० मध्ये फॉकलंडहून आणलेला तिचा लोखंडी सांगाडा ज्या गोदीत बांधला होता त्याच गोदीत आणून बसवला. पण लोखंडात मुरलेलं मीठ कोरड्या गोदीतही गंजवत राहिलं. शेवटी जलरेषेच्या पातळीवर काचेचं छत घालून त्यावर पाण्याचा पातळ थर सोडला आणि खालची हवा यंत्रांनी कोरडी करून आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास आणली. त्याखाली गेल्यावर गंजाची क्रिया जवळजवळ थांबते. हे यंत्र अहोरात्र चालवावं लागतं. जहाज आहे सुमारे ९८ मीटर लांब. विक्रांत २१३ मीटरची होती. मुंबईच्या दमट हवेत तिच्यासाठी हा खटाटोप कोणी आणि किती दशकं केला असता, याचं उत्तर दिल्याशिवाय ‘वाचवायला हवी होती’ म्हणण्याला अर्थ नाही.

ब्रिटनने जपलं ते दुसरंच काही, आणि घरच्या चर्चेत नेमकं तेच येत नाही. इथे कागद जपले गेले. पी अँड ओ या ब्रिटिश जहाज कंपनीने आपल्या एकेका बोटीची माहितीपत्रकं खुली केली आहेत. कनार्ड या दुसऱ्या जहाज कंपनीचे दफ्तर लिव्हरपूल विद्यापीठात आहे. जहाजांची तपासणी करणाऱ्या लॉइड्स रजिस्टरच्या संस्थेने सर्वेक्षकांचे अहवाल आणि नकाशे कोणालाही फुकट बघता येतील असे ठेवले आहेत. त्यावर हौशी अभ्यासकांनी, बरेचदा निवृत्त खलाशी आणि इंजिनियरांनी, बोटीमागून बोट ताडून प्रचंड काम केलं आहे. कुठल्या वर्षी चिमणीचा रंग बदलला यावर ही माणसं महिनाभर भांडतात. त्या भांडणातूनच तारखा पक्क्या होतात.

या सगळ्या डोलाऱ्याचा खांब म्हणजे ऑफिशियल नंबर. १८५४ च्या ब्रिटिश कायद्यानंतर नोंदणी होणाऱ्या प्रत्येक जहाजाला एक क्रमांक मिळे आणि तो जहाजाच्या मुख्य तुळईवर कोरला जाई. मालक बदलला, नाव बदललं, तरी ब्रिटिश नोंदणीत असेपर्यंत क्रमांक तोच. याचा उपयोग समजायला आपलंच उदाहरण घेऊ. ५ एप्रिल १९१९ ला सिंधिया कंपनीची लॉयल्टी मुंबईहून लंडनला निघाली आणि तो दिवस आपण राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतो. वालचंद हिराचंद आणि नरोत्तम मोरारजी यांचं धाडस शाळेतही शिकवतात. पण ती बोट आली कुठून? १८९० मध्ये इंग्लंडमधल्या बॅरोला पाण्यात उतरलेली ती कॅनेडियन पॅसिफिकची एम्प्रेस ऑफ इंडिया. वीसेक वर्षं तिने व्हँकुव्हर, योकोहामा, हाँगकाँग अशा फेऱ्या केल्या. पहिल्या महायुद्धात ग्वाल्हेरच्या महाराजांनी ती घेऊन इस्पितळाचं जहाज केलं आणि लॉयल्टी हे नाव तेव्हा पडलं. कॅनडाच्या अभ्यासकांकडे तिचा पूर्वार्ध सविस्तर आहे, उत्तरार्ध दोन ओळींत. आपल्याकडे उत्तरार्ध आहे आणि पूर्वार्ध नाही. दोन्ही तुकडे जोडणारा दुवा म्हणजे तो क्रमांक. सिंधियाने घेतली तेव्हा ती जवळपास २९ वर्षांची होती हे कळलं की ती लवकरच भंगारात का गेली, याचंही कोडं राहत नाही. वालचंदांचे कागद दिल्लीत पंतप्रधान संग्रहालय व ग्रंथालयात आहेत. ते आणि ही नोंद शेजारी ठेवून कोणी मराठीत लिहायला हवं.

आता शोध कसा घ्यायचा आणि कुठे फसायला होतं ते सांगतो, कारण मराठी चरित्रांतल्या बोटींच्या नोंदी तपासताना त्याच त्याच चुका दिसतात.

पहिली चूक नावाची. कंपन्या आवडती नावं पुन्हा पुन्हा वापरत. १९१७ मध्ये डॉ. आंबेडकर कैसर-ए-हिंद बोटीने परतले आणि वेगळ्या बोटीने पाठवलेलं त्यांचं सामान टॉर्पेडोने बुडालं. चरित्रांत त्या बोटीचं नाव सालसेट येतं. पी अँड ओच्या सालसेट दोन, १८५८ ची आणि १९०८ ची. इंग्लिश खाडीत २० जुलै १९१७ ला जर्मन पाणबुडीने बुडवलेली ती दुसरी. नुसत्या नावावर शोधलं तर पहिलीचं चित्र हाती लागतं आणि तेच पुस्तकात छापलं जातं. म्हणून नाव, बांधणीचं वर्ष आणि ऑफिशियल नंबर हे तिन्ही जुळल्याशिवाय पुढे जाऊ नये.

दुसरी चूक टनांची. टायटॅनिक ४६,३२८ टनांची होती असं आपण वाचतो आणि ते वजन समजतो. तो ग्रॉस टनेज, म्हणजे आतल्या बंदिस्त जागेचं माप. शंभर घनफूट म्हणजे एक टन. वजन विस्थापनावरून, म्हणजे जहाज बाजूला सारतं त्या पाण्याच्या वजनावरून, कळतं आणि टायटॅनिकचं विस्थापन ५२,००० टनांच्या वर होतं. युद्धनौकांचे आकडे विस्थापनात देतात, लायनरचे ग्रॉस टनात, त्यामुळे विक्रांत आणि क्वीन मेरी यांची टनांवरून तुलना करणाऱ्या लेखात अर्थ उरत नाही.

तिसरी चूक सर्वांत जास्त वेळ खाते. ब्रिटनला बोटीने येणाऱ्यांच्या याद्या लंडनच्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, १८७८ ते १९६० पर्यंतच्या. जाणाऱ्यांच्या १८९० पासून. पण या याद्या युरोप आणि भूमध्य समुद्राबाहेरच्या लांबच्या फेऱ्यांच्या. मुंबईहून निघालेले बरेच प्रवासी मार्सेला उतरून रेल्वेने इंग्लंड गाठत, कारण जिब्राल्टरचा वळसा आणि त्यातले दिवस वाचत. गांधीजी २९ ऑगस्ट १९३१ ला राजपुताना बोटीने मुंबईहून निघाले, ११ सप्टेंबरला मार्सेला उतरले आणि दुसऱ्या दिवशी लंडनला पोचले. राजपुतानाच्या ब्रिटिश बंदरातल्या यादीत त्यांना शोधणं व्यर्थ आहे. तेव्हा आजोबांचं नाव सापडत नाही म्हणून ते गेलेच नव्हते असा निष्कर्ष काढू नका. आधी बोट मार्सेला थांबत होती का ते बघा.

इथवर प्रवाशांचं झालं. माझी खरी तक्रार पुढे आहे, आणि ती दोन्ही किनाऱ्यांविषयी आहे.

पी अँड ओच्या बोटी आपल्या माणसांवर चालत. डेकवर सारंग (खलाशांचा मुकादम), तांडेल आणि खलाशी यांत कोकण-गुजरातचे पुष्कळ, बॉयलरपाशी आगवाले पंजाब-पठाण मुलखातले, सलूनमध्ये वाढपी गोव्याचे. हौशी अभ्यासकांना पहिल्या वर्गाच्या धूम्रपानगृहातली लाकडी नक्षी पाठ असते, सारंगाचं नाव माहीत नसतं. पी अँड ओची पर्शिया बोट ३० डिसेंबर १९१५ ला क्रीटजवळ बुडाली. सावरकर १९०६ मध्ये लंडनला गेले ती हीच. तिच्यावर लिहिताना ब्रिटिश उमराव लॉर्ड माँटेग्यू वाचले आणि त्यांची सचिव बुडाली ही कथा सगळे सांगतात. लस्करांचा, म्हणजे आपल्याकडच्या या खलाशांचा, येतो तो आकडा.

तरीही त्यांचे कागद आहेत. ब्रिटिश जहाजांवरच्या नोकरवर्गाचे करार कायद्याने जमा होत. १८६१ ते १९३८ मधल्या करारांपैकी दहा टक्के नमुना क्यूला ठेवला. १८६५, १८७५ अशा पाचावर संपणाऱ्या वर्षांचे उरलेले ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयात गेले. बाकीचे बहुतेक कॅनडात, न्यूफाउंडलंडमधल्या सेंट जॉन्सच्या मेमोरियल विद्यापीठात आहेत. १९१५ चे करार स्वयंसेवकांनी उतरवून काढले आणि ते खुले आहेत. करार लावलेले असतात ऑफिशियल नंबरप्रमाणे, नावाप्रमाणे नाही. तेव्हा पत्र लिहिताना क्रमांक आणि वर्ष द्या. ‘माझे पणजोबा बोटीवर होते’ एवढ्यावर कोणालाही काही काढून देता येत नाही. लस्करांचे करार वेगळे असत, आणि नावं कारकुनाने कानावर पडली तशी लिहिलेली. इब्राहिमची चार रूपं सापडतील, गावांची त्याहून जास्त. नावाऐवजी हुद्दा, वय, गाव आणि आधीची बोट यांवरून माणूस ओळखावा लागतो.

‘हे कागद परत आणा’ ही मागणीही घरच्या चर्चेत ऐकू येते. तिच्यामागची चीड मला समजते. पण सेंट जॉन्सला एकाच ठिकाणी ओळीने लावलेले करार देशवार फोडले तर क्रमांकाचा माग तुटेल. प्रतिमा मागाव्यात, त्या देवनागरीत उतरवण्याचं काम आपण घ्यावं. बाणकोट, दाभोळ, हर्णै ही नावं इंग्रजी अक्षरांतून ओळखणारी माणसं कोकणात आहेत, ग्रिनिचमध्ये नाहीत.

शिवाय त्या दफ्तराचा दुसरा अर्धा भाग आजही कोकणातल्या पेट्यांत आहे. खलाशाच्या पुस्तकात, म्हणजे सीडीसीत (कंटिन्युअस डिस्चार्ज सर्टिफिकेट), प्रत्येक नोकरीची एक ओळ असते: बोटीचं नाव, ऑफिशियल नंबर, नोंदणीचं बंदर, चढल्याची आणि उतरल्याची तारीख-ठिकाण, हुद्दा, आणि वर्तणुकीचा शिक्का. त्या एका ओळीने ग्रिनिचचा किंवा सेंट जॉन्सचा करार थेट उघडता येतो. असं पुस्तक घरात असेल तर लॅमिनेट करू नका. उष्णतेने शाई आणि कागद दोन्ही जातात आणि ते पुन्हा सोडवता येत नाही. गंजलेल्या टाचण्या काढा. दोन्ही पुठ्ठ्यांसकट प्रत्येक पान ६०० डीपीआयवर रंगीत स्कॅन करा, कोरी पानंसुद्धा, कारण पुसट शिक्क्याचा ठसा मागच्या पानावर उमटलेला असतो. मूळ प्रत टिफमध्ये ठेवा, पाठवायला जेपेग. फाइलच्या नावात आडनावाबरोबर पुस्तकाचा क्रमांक घाला.

अलंगबाबतही भावनेपेक्षा एक नियम जास्त उपयोगी पडेल. फ्रान्स, विंडसर कॅसल, कुंग्सहोम, मार्को पोलो अशी नावाजलेली लायनर तिथेच तुटली. फ्रान्स तर सर्वोच्च न्यायालयाच्या २००७ च्या परवानगीनंतर, ब्लू लेडी या नावाने. खुर्च्या, कपबश्या, आरसे रस्त्याकडेच्या दुकानांत विकले जातात. नकाशे रद्दीत जातात. पहिला गॅसकटर लागण्याआधी जनरल अरेंजमेंट प्लॅन (जहाजाच्या मांडणीचा नकाशा), स्टॅबिलिटी बुकलेट (तोल राखण्याची पुस्तिका), डॉकिंग प्लॅन (गोदीत बसवण्याचा नकाशा), लॉगबुकं आणि बांधणाऱ्या कारखान्याच्या पितळी पाटीचे फोटो सरकारजमा करण्याची अट घालता येईल. फायर कंट्रोल प्लॅनची (आग विझवण्याच्या नकाशाची) एक प्रत तर डेकवर लाल नळकांड्यात बाहेरच लावलेली असते, ती काढायला पाच मिनिटं लागतात. लोथलला मोठं सागरी संकुल उभं राहत आहे. त्याच्या भिंतींवर काय लावायचं हा प्रश्न पडणार असेल, तर माल दीडशे-दोनशे किलोमीटरवर रोज फाटतो आहे.

मुंबईत मशीद बंदरच्या खलाशी वसतिगृहात दोन महायुद्धांत समुद्रात गेलेल्या हजारो भारतीय खलाशांचं स्मारक आहे. राष्ट्रकुल युद्धस्मृती आयोगाच्या यादीत ही नावं बोटीवरून शोधता येतात. बोटीच्या नावापुढे नोंदणीचं बंदर दिलेलं असतं, त्यामुळे एकाच नावाच्या दोन बोटी वेगळ्या काढता येतात. घरात कोणी १९१४-१८ किंवा १९३९-४५ मध्ये बोटीवरून परतलंच नसेल, तर शोध तिथून सुरू करावा. आधी बोट, मग क्रमांक, मग करार.