कसाबची बिर्याणी आणि सोलापूरची फाइल

निवडणूक आली की, नाहीतर २००८च्या मुंबई हल्ल्याचा दिवस, २६ नोव्हेंबर, जवळ आला की, सोलापुरातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर तोच मेसेज पुन्हा उगवतो. मजकूर साधारण असा: कसाबला चार वर्षं तुरुंगात बिर्याणी खाऊ घातली, कोट्यवधी उडवले. आपल्याच सोलापूरच्या गृहमंत्र्यांनी फाइल दाबून ठेवली. इंग्रजांनी आपल्या चार हुतात्म्यांना आठ महिन्यांत फासावर चढवलं, आपल्याला मात्र चार वर्षं लागली. आणि शेवटी तो डेंग्यूनंच मेला, फाशी नुसता देखावा. खाली ‘खरा सोलापूरकर असशील तर पुढे पाठव’.

आधी बिर्याणी. विशेष सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनी २०१५ मध्ये जयपूरला जाहीरपणे सांगून टाकलं, की कसाबनं बिर्याणी मागितलीही नव्हती आणि त्याला दिलीही नव्हती. ते आपणच रचलं, हेही त्यांनीच कबूल केलं. रक्षाबंधनाचा दिवस होता. कोर्टात कसाबनं मान खाली घालून डोळे पुसले आणि चॅनेलवाल्यांची चर्चा सुरू झाली, त्याला बहीण आठवली की काय! ती सहानुभूती मोडून काढायला निकमांनी बाहेर येऊन मटण बिर्याणीचं सांगितलं. सहानुभूती गेली, बिर्याणी राहिली. सरकारी वकिलानं असं करावं का, हा वेगळा प्रश्न आहे आणि माझ्या मते करू नये. पण ज्यानं चूल पेटवली त्यानंच विझवली, तरी आपण पातेलं उतरवायला तयार नाही.

खर्च कोटींत गेला, हे खरं. तो गेला आयटीबीपी या केंद्रीय दलाच्या पहाऱ्यावर आणि मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगातल्या कडेकोट कोठडीवर. जेवणाचा हिशेब हजारांतला. दहा हल्लेखोरांपैकी हा एकटाच जिवंत हाती लागला होता. गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी गोळ्या झेलत त्याच्या एके-४७ची नळी सोडली नाही, म्हणून. तो कोठडीतच मेला असता तर सगळ्यात जास्त सुटकेचा श्वास कराची-लाहोरमध्ये कुणी टाकला असता?

फाइलचा आरोप तर कॅलेंडर उघडलं की संपतो. सुशीलकुमार शिंदे केंद्रात गृहमंत्री झाले ते २०१२च्या जुलैअखेरीस. तेव्हा प्रकरण सुप्रीम कोर्टात होतं. निकाल लागला २९ ऑगस्टला. दयेचा अर्ज त्यानंतरचा. राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांनी तो ५ नोव्हेंबरला फेटाळला, ७ तारखेला शिंद्यांनी सही केली, ८ला कागद महाराष्ट्र सरकारकडे, २१ नोव्हेंबरला सकाळी साडेसातला येरवड्यात फाशी. शिंद्यांच्या राजकारणावर बोलण्यासारखं पुष्कळ आहे, खुशाल बोला. पण इथल्याच कोर्टात शिपाई म्हणून लागलेला आणि पुढे फौजदार झालेला हा माणूस; कोर्टाचा कागद कसा हलतो हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

आता चार हुतात्मे. मेसेजातलं मला सगळ्यात जास्त झोंबलेलं वाक्य हेच. ८ मे १९३०ला सोलापुरात गोळीबार झाला, लोक खवळले, मंगळवार पेठेतली पोलीस चौकी पेटली, दोन पोलीस मारले गेले. पाठोपाठ मार्शल लॉ. त्या खुनांसाठी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ला येरवड्यातच फाशी दिली. आठ महिन्यांचा हिशेब बरोबर आहे. पण त्या घाईलाच तर आपण अन्याय म्हणत आलो! दरवर्षी जानेवारीत चौकात हार घालायचे आणि नोव्हेंबरात इंग्रजांचा वेग आदर्श म्हणून मिरवायचा, हे कसलं सोलापूरकरपण?

राग मलाही आहे. त्या रात्री कामा हॉस्पिटलजवळच्या गल्लीत करकरे, साळसकरांबरोबर मारले गेले ते अशोक कामटे मुंबईला जाण्याआधी आपले पोलीस आयुक्त होते. तरी चार वर्षं म्हणजे उशीर हे पटत नाही. विशेष न्यायालय, हायकोर्ट, सुप्रीम कोर्ट, दयेचा अर्ज, सगळं चार वर्षं भरायला पाच दिवस कमी असताना उरकलं. आपल्याकडे बांधाचा दावा किती वर्षं चालतो, कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. आणि न्यायाधीश ताहिलियानी यांनी त्याच खटल्यात फहीम अन्सारी आणि सबाउद्दीन अहमद या दोघा भारतीय आरोपींना पुराव्याअभावी सोडलं, वरच्या दोन्ही कोर्टांनी ते कायम ठेवलं. घाईत उरकलं असतं तर तेही लटकले असते.

राहिला डेंग्यू. फाशीआधी काही दिवस तशा बातम्या आल्या होत्या, एवढाच त्याचा आधार. मात्र ही अफवा पोसली सरकारच्याच गुप्ततेनं. कैद्याला गुपचूप मुंबईहून पुण्याला हलवलं, दफनही तुरुंगाच्या आवारातच. पंतप्रधानांनाही टीव्हीवरूनच कळलं, असं खुद्द शिंदे म्हणाले. पुढे फेब्रुवारी २०१३मध्ये संसद हल्ल्यातल्या अफजल गुरूलाही तसंच गुपचूप फासावर दिलं. त्यावर ओरड झाली, आणि जानेवारी २०१४मध्ये सुप्रीम कोर्टानं ठरवून दिलं की दयेचा अर्ज फेटाळल्यावर फाशीपर्यंत किमान १४ दिवस द्यायचे आणि कुटुंबाला आधी कळवायचं.