दोन महिने परत लॉकडाऊन पाहिजे म्हणे

आज दुपारी भावकीतल्या एका लग्नात पंगतीला बसलो होतो. शेजारी संभाजीनगरचे एक पाहुणे, शिकलेले, चांगल्या पगाराचे, माणूस वाईट नाही. बोलता बोलता म्हणाले, "काही म्हणा, लॉकडाऊनसारखं सुख नाही. सगळे घरात, रोज नवा पदार्थ, हवा स्वच्छ, ना कुठली धावपळ. परत एकदा लागायला पाहिजे दोन महिने." पंगत हसली. मीपण हसलो, पाहुण्यांसमोर हसतोच माणूस. समोर माझा चुलत भाऊ, म्हणजे आमचा दादा, वरणाची बादली घेऊन उभा होता. तो हसला नाही. पाहुण्यांच्या भातावर वरण घातलं आणि पुढच्या पत्रावळीकडं सरकला.

तिथून माझा घास खाली उतरला नाही. घरी येऊन चार तास झाले तरी डोकं शांत होईना म्हणून लिहायला बसलोय. लांबलं तर लांबू द्या.

ते दिवस तुम्हाला सगळ्यांनाच पाठ आहेत. 22 मार्चला थाळ्या वाजवल्या, 24 ला रात्री 8 वाजता टीव्हीवर 21 दिवसांचं ऐकलं, आणि 25 ला पाडवा होता. सकाळी गुढी उभारली, कडुलिंब खाल्ला, आणि दुपारी आम्ही गावातल्या पंधरा-वीस पोरांनी बाभळीच्या काट्या तोडून आणून वेशीत टाकल्या. त्याच्यापुढं सिमेंटचे दोन पाइप आडवे लावले. पुठ्ठ्यावर लिहिलं, बाहेरच्यांना गावात प्रवेश बंद. पाळ्या लावल्या, शंभर पानी वही केली. मी तोंडाला दस्ती बांधून हातात काठी घेऊन बसायचो आणि खरं सांगतो, लई भारी वाटायचं. आपण गाव राखतोय असं वाटायचं. बदनापूर तालुक्यातल्या आजूबाजूच्या गावांनीही तेच केलं होतं, त्यामुळं कुणाला त्यात काही वावगं दिसलंच नाही.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, दिवस मावळला होता, माझीच पाळी होती, आणि दादा आला. चाकणहून. मोटरसायकलवर वहिनी, पाच वर्षांची पोरगी आणि एक पोतं. कंपनी बंद, ठेकेदारानं फोन उचलणं बंद केलेलं, घरमालक भाडं मागायला दारात. नगरच्या अलीकडं दोनदा माघारी फिरवलं म्हणून आडरस्त्यानं, शेताशेतातनं, दोन दिवस करत आलेला. गाडी बंद केली आणि म्हणाला, "उघड रे." एवढंच. आपल्या घराचं फाटक उघड म्हणावं तसं.

मी उघडलं नाही.

म्हणजे मी एकटा नव्हतो, आम्ही चौघं होतो, सरपंचांना फोन लावला, तेही "नको" म्हणाले, हे सगळं खरं आहे. पण काटी माझ्या हातात होती.

तेवढ्यात पोरगी गाडीवरून उतरली, तिला पलीकडं माझी माय दिसली आणि "आजी" म्हणत ती सरळ काट्यातूनच पळत सुटली. मी ओरडलो, "ए, थांब तिथंच!" माझा आवाज केवढा मोठा होता ते मलाही माहीत नव्हतं. ती थांबली. पायात काटा मोडलेला, पण रडली नाही, नुसती बघत राहिली माझ्याकडं. वहिनीनं तिला मांडीवर घेतलं, साडीची पिन काढली आणि मोबाइलच्या उजेडात काटा काढत बसली. माझी माय सात-आठ हातांवर उभी. पुढं येईना. मी येऊ दिलं नाही.

आता पाहुणे म्हणतात परत पाहिजे.

शाळेत ठेवावं तर शाळेजवळची घरं नको म्हणाली. मग ठरलं की त्यांच्या आखाड्यावर राहतील 14 दिवस. आखाडा म्हणजे काय, पाहुण्यांना कळणार नाही म्हणून सांगतो. रानातलं पत्र्याचं शेड, एका बाजूला कडबा, एका बाजूला खताची पोती, लाइट नाही. मे महिन्यात आमच्याकडं दुपारी पत्रा हाताला चटका देतो, त्याच्याखाली ते तिघं. बारा वाजता लिंबाखाली, लिंबाची सावली सरकली की तिच्यामागं सरकायचं. रात्री पोरीला मधे झोपवून दादा इचवाच्या भीतीनं बॅटरी घेऊन बसलेला असायचा.

डबा मी घेऊन जायचो. भाकरी, ठेचा, कधी पिठलं. बांधावर एक दगड आहे, त्या दगडावर ठेवायचं आणि मागं व्हायचं, मग दादा येऊन उचलायचा. पाणी घागरीनं. एके दिवशी पोरगी तहानलेली होती म्हणून दम न काढता ओंजळ धरून पुढं आली आणि मी घागर उंच धरून वरून धार सोडली, लांबून, अंगाला अंग लागू नये म्हणून. त्याच वेळी आमच्या गावच्या बौद्धवाड्यातले एक म्हातारे बाबा शेरडं घेऊन बांधावरून चालले होते. थांबले. बघितलं. आणि म्हणाले, "आमच्या आज्याला तुमच्या हिरीवर असंच वरून पाणी घालायचे, बापू." रागानं नाही, टोमण्यानंही नाही. शेरडं हाकली आणि गेले.

मला आजपर्यंत त्याला उत्तर सापडलेलं नाही. इतकी वर्षं हे आपण दुसऱ्यांना करत आलो तेव्हा आपल्याला काही वाटलं नाही, घरच्या पोरीला करायची वेळ आली तेव्हा दिसलं. आणि तेही दुसऱ्यानं दाखवलं म्हणून.

पैठण आमच्यापासून लांब नाही. नाथषष्ठीला जाऊन येतो आम्ही. नाथांनी गोदावरीच्या तापलेल्या वाळवंटात रडणारं महाराचं पोर कडेवर उचलून घेतलं ही गोष्ट लहानपणापासून कीर्तनात ऐकतोय, दरवेळी डोळे पुसतो. अरे मग ती गोष्ट गेली कुठं त्या दिवशी? माझ्या डोळ्यासमोर माझ्या भावाची पोरगी काट्यात उभी आणि माझ्या हातात काठी.

भीती खरी होती, हे मान्य. औषध नव्हतं, लस नव्हती, काही झालं तर जालन्याला न्यायचं कसं हाच प्रश्न होता. आणि 2021 ला दुसरी लाट आली तेव्हा आमच्या गावातली माणसं गेलीच, त्यामुळं भीती उगाच होती असं मी म्हणणार नाही. पण भीती वाटणं वेगळं आणि काठी घेऊन बसण्यात मजा वाटणं वेगळं. मला मजा वाटत होती. हे मी आज पहिल्यांदा लिहितोय.

आमची आजी सांगायची, पूर्वी प्लेग आला की अख्खं गाव उठायचं आणि रानात झोपड्या टाकून राहायचं. सगळे मिळून बाहेर. पाटलाची झोपडी, कुंभाराची झोपडी, सगळ्यांचंच घर सुटलेलं. आम्ही काय केलं? आम्ही आत, आणि जे उपाशीपोटी चालत आले ते बाहेर.

आणि चालणाऱ्यांचं निघालंच आहे तर ते पण सांगतो, नाहीतर झोप लागायची नाही. दादाचे 14 दिवस अजून व्हायचे होते तेव्हाच 8 मेची पहाट आली. करमाडजवळ मालगाडीखाली 16 मजूर गेले. मध्य प्रदेशातली पोरं, जालन्याच्या स्टील कंपनीत कामाला होती, भुसावळहून गाडी मिळेल या आशेनं रुळावरून पायी निघालेली. थकून रुळावरच झोपली. रुळांवर पडलेल्या चपात्यांचे फोटो तुम्ही सगळ्यांनी बघितले, स्टेटसला ठेवले, मीपण ठेवला होता. पण आम्ही त्याच लाइनीवर राहतो हो. जालना, बदनापूर, करमाड, ही आमची रोजची लाइन आहे. सगळे म्हणाले, रुळावर कोण झोपतं? मीपण म्हणालो असतो. पण मला माहीत होतं ना. मला माहीत होतं की त्या रात्री त्या वाटेवरच्या गावांच्या वेशीत काट्या होत्या आणि काट्यांमागं माझ्यासारखी पोरं काठ्या घेऊन बसलेली होती. ते आमच्या गावात आले नव्हते. आले असते तर मी त्यांना मारुतीच्या पारावर झोपू दिलं असतं का? सख्ख्या चुलत भावाला दिलं नाही, त्यांना काय देणार होतो.

गाड्या आधी सोडायला पाहिजे होत्या, चार तासांच्या नोटिशीवर देश बंद करतात का, त्यांच्या मालकांनी त्यांना वाऱ्यावर का सोडलं, ही सगळी भांडणं मी केलीत, आजही करीन, त्यांना सोडणार नाही. पण दरवेळी मी सरकारला शिव्या देतो तेव्हा ती पोरगी दिसते, काटा मोडलेल्या पायावर उभी.

तुमचं आभाळ निळं झालं, मान्य. पगार खात्यात येत होता आणि दाराला आतून कडी होती. आमच्याकडं द्राक्षाला व्यापारी फिरकेना, ऊसतोडीला गेलेली माणसं कारखान्यांवर अडकून पडलेली, त्यांची म्हातारी माणसं इकडं घरात एकटी. कुणाचं सुख आणि कुणाचं काय.

जाऊ द्या. पाहुण्यांवर राग काढून काय होणार, त्यांना कुणी सांगितलंच नसेल.

दादा त्याबद्दल कधी एक शब्द बोलला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं. सण असला की येतो, मायच्या पाया पडतो, माझ्यासाठी चाकणहून काहीतरी आणतो. फक्त एक आहे. त्यानंतर तो वेशीतून गावात आला नाही. कितीही चिखल असू दे, पांदणीनं येतो, आखाड्यावरून, मागच्या अंगानं घरात शिरतो. सुरुवातीला मला वाटलं गाडी लावायला सोपं पडत असेल. पोरगी आता पाचवीला आहे. मला काका म्हणते, हसते, तिला आठवतं का नाही मला माहीत नाही आणि विचारायची हिंमत नाही.

मघाशी ती वही काढली. कपाटात होती, फेकवत नाही. माझंच अक्षर. नाव, कुठून आले, किती माणसं, वेळ. दादाच्या नावापुढं 3 माणसं, चाकण, 7.40. आणि शेवटच्या रकान्यात मी लिहिलंय, प्रवेश दिला नाही. खाली सहीपण केलीय, झोकात, पूर्ण नावानिशी.

दादा उद्या सकाळी सहाला निघणार आहे. पांदणीनंच जाईल. मी पाच वाजताच तिथं जाऊन थांबतो. मायला सांगून ठेवलंय, भाकरी बांधून दे, पोरीच्या हातात द्यायची आहे.