क्लचप्लेट डुप्लिकेट नव्हती, पण ब्रेक ऑइलची चूक आमची

नमस्कार साहेब,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला आणि लगेच तुमची दोन्ही जॉबकार्डं काढून बसलो. मागच्या वर्षी आमच्याकडे बसवलेला क्लचसेट 18 हजार किलोमीटरमध्ये गेला, पुढचे ब्रेक पॅड 9 हजारांत झिजले, पाचगणीहून वाईला येणारा पसरणी घाट उतरताना एकदा ब्रेकचं पेडल तळाला गेलं, आणि आम्ही डुप्लिकेट पार्ट लावून खापर तुमच्या ड्रायव्हिंगवर फोडलं, अशी तुमची तक्रार आहे. आमच्या मुलानं चारचौघांत "आधी गाडी चालवायला शिका" म्हटल्याचंही तुम्ही लिहिलंय. तो तसं बोलला हे खरं आहे. त्याबद्दल मी मनापासून माफी मागतो. गिऱ्हाइकाशी असं बोलायचं नसतं, हे त्याला मी सांगितलंय.

आता क्लचबद्दल. तुमची जुनी प्लेट मी भंगारात टाकलेली नाही, रॅकवर ठेवलीय. सील गळून तेल आलं असतं तर प्लेट चिकट, काळी दिसली असती. माल हलका असता तर अस्तराचे तुकडे पडले असते. तुमची प्लेट दोन्ही बाजूंनी सारखी झिजून अस्तर धरणाऱ्या रिव्हेटांना टेकलीय आणि फ्लायव्हीलवर, म्हणजे प्लेट ज्यावर दाबली जाते त्या इंजिनच्या चाकावर, निळे डाग पडलेत. लोखंड निळं पडतं ते तापून. एवढी उष्णता हाफ क्लचवर, म्हणजे क्लचचं पेडल अर्धवट दाबून, गाडी धरल्यानं होते. शनिवारी पाचगणीला जाणाऱ्या गाड्यांची रांग लागते, तेव्हा चढावर हँडब्रेक न लावता क्लच आणि रेसवर गाडी तोलून धरली की प्लेट आणि फ्लायव्हील एकमेकांवर सतत घासत राहतात. त्याच कंपनीचा क्लचसेट आम्ही रोज पाचगणीला ये-जा करणाऱ्या एका टॅक्सीत बसवला होता. ती 46 हजार किलोमीटर चाललीय आणि अजून चालतेय. घाट तोच आहे, साहेब.

पॅडचंही तसंच. कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग, जाम असता तर एका चाकाचा पॅड जास्त गेला असता. तुमचे चारही पॅड सारखेच संपलेत, तापून वरून काचेसारखे गुळगुळीत झालेत. गाडी घ्यायला आलात तेव्हा कात्रजहून वाईला सव्वा तासात पोचतो असं तुम्ही मला कौतुकानं सांगितलं होतं. तेव्हाच मी बोलायला हवं होतं. 120 च्या वेगातली गाडी थांबवताना ब्रेकमध्ये जी उष्णता तयार होते ती 80 च्या सव्वादोन पट असते, कारण ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रत्येक ट्रकच्या मागे जाऊन जोरात ब्रेक, मग पुन्हा फुल पिकअप, असं चालवलं तर कुठल्याही कंपनीचे पॅड टिकायचे नाहीत. टायरच्या बाहेरच्या कडा गेल्यात त्याही वळणं वेगात घेतल्यामुळे; अलाइनमेंट मी स्वतः तपासलं, बरोबर आहे.

पेडल तळाला गेलं, ही मात्र मला सगळ्यात गंभीर बाब वाटते आणि यात आमची चूक आहे. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. नवं डॉट 4 दर्जाचं ब्रेक ऑइल किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा मुरला की ते 155 अंशांच्या आसपासही उकळू शकतं. मग त्यात वाफेचे बुडबुडे होतात, ते दबतात आणि पेडल नुसतं खाली जातं. तुमचं ऑइल दोन वर्षं उलटून गेलेलं होतं. मागच्या सर्व्हिसला ते पूर्ण बदलायला हवं होतं, आम्ही फक्त वरून भरलं. त्या सर्व्हिसची मजुरी तुम्हाला परत करतोय, आणि ऑइल आमच्या खर्चानं बदलून देतो.

पाचगणीहून वाईला येताना गाडी साधारण साडेपाचशे मीटर खाली उतरते. माणसांसकट 1,300 किलोच्या गाडीची तेवढी ऊर्जा सगळी ब्रेकनं जिरवायची म्हटलं, तर वीसेक लिटर पाणी उकळेल एवढी उष्णता चार चाकांत जाते. हा भार इंजिनवर टाकायचा असतो. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरायचं, बहुतेक दुसऱ्या. उतारावर न्यूट्रल करतो म्हणजे डिझेल वाचतं, असं तुम्ही म्हणाला होतात. आताच्या गाड्यांत उलट आहे: गिअर टाकून पाय अॅक्सिलरेटरवरून काढला की इंजिनला डिझेल जाणं बंदच होतं, न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळत राहतं. माझ्या वडिलांच्या काळातल्या गाड्यांचं वेगळं होतं, म्हणून ही समजूत अजून टिकून आहे.

हे सगळं जुने पार्ट हातात देऊन, शांतपणे तेव्हाच सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर तुम्हाला फसवल्यासारखं वाटलं नसतं.

रविवारी गॅरेज बंद असतं, पण तुम्ही येणार असाल तर सकाळी आठला शटर उघडून थांबतो. प्लेट स्वतः बघा, हवं तर दुसऱ्या मेकॅनिकला सोबत आणा. पॅड बाजारातून तुमच्या पसंतीचे आणलेत तरी बसवून देईन, मजुरी नको. नंतर आपण दोघं घाटात एक फेरी मारू, तुम्ही चालवा, मी शेजारी बसतो.

मागच्या आठवड्यात पॅड न बदलताच तुम्ही गाडी नेलीत. ते बदलेपर्यंत कृपा करून मुलांना घेऊन घाट उतरू नका.